अंधारातील बोलणे : भुयारी खेळांतील पात्रे आणि आपली कथापरंपरा



या व्याख्यानाचे निमंत्रण देताना संयोजकांनी विषयाच्या निवडीचे स्वातंत्र्य मला दिले होते. गाणगापुरात बोलायचे आणि तेही मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने, म्हटल्यावर दत्तसंप्रदायाचे वाङ्मय किंवा संतसाहित्य असाच काही विषय असणार, ही आपली अपेक्षा स्वाभाविक आहे. मी कळविलेला विषय वाचून संयोजकांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली, हे मी त्यांचा रोष पत्करून सांगून टाकतो. संगणकावरील ज्या खेळांत माणूस एखाद्या अंधाऱ्या भुयारात, गुहेत किंवा तळघरात शिरतो आणि पावलोपावली संकटांशी सामना करीत खाली खाली उतरत जातो, त्या खेळांतील पात्रे एकमेकांशी कशी बोलतात, हा आजचा विषय आहे. तो आपल्या कथापरंपरेपासून वाटतो तितका दूर नाही, हे मला दाखवायचे आहे. त्याचबरोबर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही द्यायची आहे. ती योग्य जागी देईन.

प्रारंभ आपल्याच मुलखातील एका भुयारापासून करू. बिदरचा नरसिंह झरा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. डोंगरात सुमारे तीनशे मीटर आत गेलेली ती अरुंद गुहा, तीत कमरेपासून छातीपर्यंत चढणारे पाणी, माथ्यावर वटवाघळे आणि अगदी शेवटी नरसिंहाची मूर्ती. मी तरुणपणी प्रथम तेथे गेलो, तेव्हा आत उजेड फारच मंद होता. परतणारे एक अनोळखी गृहस्थ कानडीत सांगत होते, की डावीकडे पाय घसरतो. मागची एक बाई मराठीत विचारीत होती, अजून किती लांब आहे. कोणी तरुण आपल्या भ्यालेल्या मित्राला दखनीत धीर देत होता. बाहेर उन्हात ज्यांनी परस्परांकडे वळूनही पाहिले नसते, अशी ती माणसे आत एकमेकांच्या आवाजाचा हात धरून चालत होती. अंधारात डोळ्यांचे काम जिभेला आणि कानांना करावे लागते. भुयारी खेळांतील संवादांचे मर्म याच साध्या अनुभवात आहे, असे मला वाटते.

भुयारी खेळांची पूर्वपीठिका

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगतो. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. त्याला यंत्र लागत नसे. चारसहा मित्र टेबलाभोवती बसत. एक जण भुयाराचे वर्णन करी आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत. म्हणजे भुयारी खेळाचा जन्मच मुळी बोलण्यातून झाला.

पुढे विल क्रौदर नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने १९७६ च्या सुमारास 'कॉलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' हा खेळ रचला. क्रौदर हा गुहांचे शोध घेणारा हौशी भटक्या होता. केंटकी प्रांतातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेच्या मोजणीत आणि नकाशाच्या कामात तो आणि त्याची पत्नी अशा दोघांचाही सहभाग होता. पुढे त्यांचा घटस्फोट झाला आणि मुली दुरावतील, या काळजीने त्याने त्यांच्याकरिता हा खेळ लिहिला. पडद्यावर चित्र नव्हते, नुसते शब्द होते. खेळणाऱ्याने दोन शब्दांची आज्ञा टंकित करायची आणि यंत्राने गुहेतील पुढचे दालन वाक्यांत वर्णन करून सांगायचे. १९७७ साली डॉन वूड्स याने त्यात मोठी भर घातली आणि तो खेळ विद्यापीठांतून सर्वत्र पसरला. दुरावलेल्या लेकींशी बोलण्यासाठी एका बापाने गुहा रचली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

१९८० च्या सुमारास आलेल्या 'रोग' या खेळाने दोन नियम रूढ केले. भुयाराची रचना प्रत्येक वेळी नवी असावी आणि पात्र मेले की सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावे. त्यात लढाई होती, लूट होती, पण बोलणे जवळजवळ नव्हते. पुढील तीस-चाळीस वर्षांत या मुक्या भुयाराला हळूहळू वाचा कशी फुटली, हाच आपला विषय आहे.

वेशीवरची माणसे

पहिला टप्पा गावाचा. १९९६–९७ च्या संधीवर 'डायाब्लो' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात ट्रिस्ट्रम नावाचे एक उजाड होत चाललेले गाव आहे आणि गावच्या प्रार्थनामंदिराखाली सोळा मजल्यांचे भुयार आहे. खेळणारा खाली जातो, जखमी होऊन वर येतो आणि गावकऱ्यांना भेटतो. गावात लोहार आहे, वैद्य आहे, खानावळवाला आहे, वेशीबाहेर राहणारी एक चेटकीण आहे, सदैव दारूच्या धुंदीत असलेला एक भ्रमिष्ट आहे, लाकडी पायाचा एक तिरसट पोरगा आहे आणि जुन्या गोष्टी सांगणारा एक वृद्ध आहे. ही माणसे केवळ सौदा करीत नाहीत. ती परस्परांविषयी बोलतात. लोहार वैद्याबद्दल एक सांगतो, खानावळवाला त्या पोराबद्दल दुसरेच सांगतो. भुयारात काय घडले आहे, याची खरीखोटी वार्ता अशा गावगप्पांतून उमगते. खाली भुयारात मनुष्याचा आवाज क्वचितच ऐकू येतो, म्हणूनच वर आल्यावर त्या सामान्य बोलण्याला मोल येते.

गाणगापूरकरांना ही रचना नवी वाटू नये. या गावात दुपारच्या माधुकरीच्या वेळी श्रीगुरू कोणत्या ना कोणत्या रूपाने भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. तो भिकारी असेल, फकीर असेल, वाट चुकलेला यात्रेकरू असेल. कोण ते सांगता येत नाही, म्हणून दारी आलेल्या कोणाशीही तुटकपणे बोलू नये, हा संस्कार येथील घरांनी जपला आहे. क्षुल्लक दिसणाऱ्या माणसाच्या बोलण्यात किल्ली दडलेली असू शकते, हे चांगल्या भुयारी खेळाचेही पहिले सूत्र आहे. जो गावातील भ्रमिष्टाला टाळून पुढे जातो, त्याचे काहीतरी हुकते.

वाटेवरचे सोबती

दुसरा टप्पा सोबत्यांचा. २०१६ साली आलेल्या 'डार्केस्ट डन्जन' या खेळात आपण चार जणांची तुकडी भुयारात पाठवितो. हातात मशाल असते आणि ती क्षणोक्षणी मंदावत असते. अंगावरील जखमांचा हिशेब तर खेळांत पूर्वीपासून होताच. या खेळाने मनावरील ताणाचाही हिशेब ठेवला. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की त्या पात्राची कसोटी लागते. क्वचित एखादा त्यातून धीरोदात्त होऊन निघतो. बहुधा मात्र तो संशयी, स्वार्थी किंवा निराश होतो. मग तो बोलू लागतो. सोबत्यांना टाकून बोलतो, त्यांच्या उणिवा काढतो, अशुभ भाकिते करतो आणि त्याचा प्रत्येक शब्द ऐकणाऱ्यांचा ताण वाढवितो. एकाच्या कडवटपणाने अखेर चौघेही खचतात. वाटेत मुक्काम पडला की शेकोटीभोवती सांत्वनाचे, विनोदाचे, प्रार्थनेचे बोलणे होते आणि त्याने तोच ताण काही अंशी उतरतो. शब्द जखम करतो आणि शब्दच जखम बांधतो, हे आपण निबंधांतून मुलांना सांगत आलो. या खेळाने ते गणितात बसवून प्रत्यक्ष दाखविले.

याहून सूक्ष्म उदाहरण 'डार्क सोल्स' या जपानी खेळाचे आहे. तो २०११ साली आला. त्याचा दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्यातील जग जवळपास ओसाड आहे आणि भेटणारी माणसे मोजकी. ती थोडे बोलतात, अडखळत बोलतात, आणि आपण ऐकले नाही तरी त्यांचे आयुष्य आपल्या वाटेने पुढे सरकत राहते. जगण्याचे प्रयोजन हरपले की त्या जगातील माणूस आतून रिता होतो आणि त्याचे भान सुटते. त्यात झीगमायर नावाचा एक गोलमटोल चिलखत घातलेला वयस्क योद्धा आहे. तो जागोजागी अडकून बसलेला आढळतो. आपण प्रत्येक वेळी त्याची सुटका करतो, तो आभार मानतो. पण हळूहळू त्याच्या स्वरात ओशाळलेपणा येऊ लागतो. उपकारांचे ओझे त्या मानी माणसाला पेलत नाही. त्याला शोधत निघालेली त्याची मुलगीही आपल्याला वाटेत भेटते, आणि त्या कथेचा शेवट करुण आहे. सतत साहाय्य करणेही दुसऱ्याच्या आत्मसन्मानाला इजा करू शकते, हे सांगण्यासाठी कथाकाराने येथे एकही उपदेशाचे वाक्य खर्च केलेले नाही.

याच खेळात आणखी एक प्रकारचे बोलणे आहे. जगाच्या पाठीवर कोठेतरी तोच खेळ खेळणारी अनोळखी माणसे जमिनीवर एकमेकांसाठी संदेश लिहून ठेवू शकतात. मात्र मनास येईल ते लिहिता येत नाही. ठरावीक शब्दांतून निवड करून वाक्य जुळवावे लागते. पुढे धोका आहे, येथे गुप्त वाट असावी, धीर सोडू नका, अशा तऱ्हेची ती वाक्ये. काही जण मुद्दाम फसवे संदेशही लिहितात. नरसिंह झऱ्यात परतीच्या वाटेवरून मला डावीकडचा घसरता दगड सांगणारे ते कानडी गृहस्थ आणि हे अदृश्य सहप्रवासी यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

वेताळ, आणि मरून परत येणारा नायक

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. २०२० साली 'हेडीस' नावाचा एक खेळ आला. ग्रीक पुराणांतील पाताळाचा अधिपती हेडीस, त्याचा मुलगा झॅग्रियस. हा मुलगा पाताळातून वर पृथ्वीवर निसटू पाहतो. वाटेत तो मरतो आणि मेला की पुन्हा बापाच्या वाड्यात येऊन पडतो. असे एकदा नव्हे, अनेकदा घडते. पूर्वीच्या खेळांत मृत्यू म्हणजे सारे व्यर्थ जाणे होते. येथे प्रत्येक मृत्यूनंतर वाड्यातील माणसे नवे काही बोलतात. दाराशी पेंगत बसलेला निद्रादेव थट्टा करतो, योद्धा अकिलीस उपदेश करतो, रात्रदेवता नुसती सूचक बोलते, बाप टोमणे मारतो. नायक कोणाच्या हातून मेला, कोठपर्यंत पोहोचला, मागे कोणाशी काय बोलला, हे सारे ध्यानात ठेवून ते बोलणे निवडले जाते. यासाठी वीस हजारांहून अधिक वाक्ये ध्वनिमुद्रित केलेली आहेत. आई आपल्याला सोडून का गेली, हे त्या मुलाला जाणून घ्यायचे आहे आणि ते उत्तर तुकड्यातुकड्यांनी, मरणांच्या मधल्या अवकाशात मिळते. विज्ञानकथांना व अद्भुतकथांना दिले जाणारे ह्यूगो पारितोषिक २०२१ साली या खेळाला मिळाले.

हे वर्णन ऐकताना आपल्यापैकी जाणत्यांना वेताळ आठवला असेल. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त ही कथामाला आहे आणि तीतील राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. राजा रात्री स्मशानात जातो, झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो आणि चालू लागतो. प्रेतातील वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तक फुटणार. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाणार. राजा बोलतो आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. तीच वाट, तोच अंधार, तेच ओझे. बदलते ती गोष्ट आणि वाढते ते दोघांचे नाते. अखेरच्या प्रश्नाला राजाजवळ उत्तर नसते, तो मौन धरतो आणि प्रसन्न झालेला वेताळ त्याला कपटी योग्याचा बेत सांगून वाचवितो. ज्याला शत्रू म्हणून खांद्यावर घेतले, तोच रात्रभरच्या बोलण्याने मित्र झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० साली 'वेताळपंचविशी' मराठीत आणली, तेव्हा मराठी गद्य नुकते उभे राहत होते. पुनःपुन्हा आरंभबिंदूशी येणे आणि प्रत्येक खेपेस संवादाने एक पाऊल पुढे पडणे, ही 'हेडीस'ची बांधणी आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी सिद्ध झालेली होती.

दुसरा दाखला तर याच भूमीतला आहे. 'गुरुचरित्र' हा ग्रंथ मुळात एक संवाद आहे. त्रस्त झालेला नामधारक गाणगापूरच्या वाटेने निघतो, त्याला सिद्धमुनी भेटतात; नामधारक विचारतो आणि सिद्ध सांगतात. पुष्कळ अध्यायांचे दार ऐकणाऱ्याच्या प्रश्नानेच उघडते. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांनी मराठी आपल्याला येत नसल्याचे नम्रपणे म्हटले आहे, आणि तरीही ग्रंथ मराठीत झाला. त्याच ग्रंथात श्रीगुरू गाणगापुरात आले, तेव्हा एका ओस घराजवळच्या पिंपळावर ब्रह्मराक्षस राहत असल्याची कथा येते. गाव त्याच्या भयाने त्या बाजूला फिरकत नसे. श्रीगुरूंनी त्याच्यावर शस्त्र उगारले नाही. तो शरण आला, त्याच्या मस्तकावर हात ठेवला, संगमावर स्नान करण्यास सांगितले आणि तो मुक्त झाला. ते भयाचे घर पुढे मठाचे स्थान झाले.

राक्षसाला मारण्याऐवजी त्याच्याशी बोलावे, ही कल्पना संगणकीय खेळांत रुजायला पुष्कळ काळ लागला. २०१५ साली टोबी फॉक्स या तरुणाने 'अंडरटेल' हा खेळ काढला. डोंगराखालच्या जगात पडलेले एक मूल आणि तेथील विचित्र प्राणी, अशी ती कथा आहे. प्रत्येक प्राण्याशी लढता येते, तसेच त्याच्याशी बोलता येते, त्याची स्तुती करता येते, त्याला अभय देता येते. एकालाही न मारता खेळ पुरा करता येतो. आणि मारले, तर खेळ ते विसरत नाही. पुन्हा नव्याने सुरुवात केली तरी मागील कृत्याची आठवण करून देणारी पात्रे भेटतात. लाखो मुलांना हा अनुभव नवा वाटला. गाणगापूरच्या मुलाला तो नवा वाटू नये. त्याने ती कथा सप्ताहात ऐकलेली असते.

एक कबुली

आता ती कबुली. मराठीत अद्भुताचे दालन मोठे होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मधली. गो. ना. दातारांच्या कादंबऱ्यांपैकी एकीचे नावच 'इंद्रभुवनगुहा'. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचले. शेजारच्या हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'ने तिलिस्मांचे वेड लावले. ती वाचता यावी म्हणून अनेकांनी देवनागरी शिकून घेतली, असे सांगितले जाते. आम्ही विद्यापीठीय मंडळींनी या साऱ्याला रंजनपर म्हणून बाजूला सारले. अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख एखाद्या परिच्छेदापुरता असे आणि तोही नाक मुरडून.

महाविद्यालयात जाण्यापूर्वी मी काही काळ एका शाळेत शिकवीत होतो. एक मुलगा बाकाखाली झुंजारकथा धरून वाचत होता. मी ती हिसकावून घेतली, सर्व वर्गासमोर तिच्यातील दोन वाक्ये हेटाळणीच्या सुरात वाचून दाखविली आणि पुस्तक परत दिले नाही. मुले हसली. तो मुलगा घरी कानडी बोलणारा होता; मराठी पुस्तक आपणहून वाचणारा वर्गातील कदाचित तो एकटाच असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. पुढे वर्षभर तो माझ्याशी आपणहून एक शब्दही बोलला नाही. पुढल्या वर्षी तो शाळेत दिसला नाही. कारण काय होते ते मी कधी विचारले नाही, आणि तेच मला अधिक लागून राहिले आहे. ते पुस्तक कित्येक वर्षे माझ्या कपाटात होते.

काही वर्षांपूर्वी माझा नातू सुटीत आला होता. तो भ्रमणध्वनीवर असाच एखादा खेळ खेळत बसे. पात्रे बोलू लागली की तो कळ दाबून ते बोलणे भराभर पुढे ढकली. माझ्या ओठांवर जुनेच शब्द आले होते. पण त्या कपाटाची आठवण झाली आणि मी त्याच्याशेजारी बसलो. काही दिवसांनी तो संगणकावर 'हेडीस' खेळू लागला, तेव्हा मात्र तो थांबून ऐकताना दिसला. मी कारण विचारले. तो म्हणाला, "आजोबा, इथं ऐकलं नाही तर आपण कशासाठी चाललोय तेच कळत नाही." वाङ्मयाच्या प्रयोजनाविषयी मी पदव्युत्तर वर्गांना पस्तीस वर्षे शिकविले. इतके नेमके उत्तर माझ्या टिपणांत नव्हते.

मर्यादा

तथापि या खेळांचे केवळ गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने खेळांच्या अनावर व्यसनाला आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले आहे आणि ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. पालकांची काळजी निराधार नाही. झोप, अभ्यास आणि मैदान यांचा बळी देऊन खेळलेला कोणताही खेळ चांगला नव्हे.

दुसरी मर्यादा संवादाच्या स्वरूपाची आहे. बहुतेक खेळांत दोनचार तयार उत्तरांतून एक निवडायचे असते. भेटवस्तू दिली की स्नेह वाढतो, अमुक भेटी झाल्या की मनातले गुपित कळते. 'हेडीस'सुद्धा यातून पूर्णपणे सुटलेला नाही. तेथे अमृताच्या कुप्या देऊन नाती दृढ होतात. माणसांचे मन असे वहीखात्यावर चालत नाही. ज्या मुलाचे पुस्तक मी घेतले, त्याचे मन कोणती कुपी दिल्याने परत आले असते? खऱ्या संवादात मौन असते, गैरसमज असतो, उशीर झालेला असतो. उत्तम खेळ या मर्यादेची जाणीव ठेवतात. झीगमायरची कथा म्हणूनच मोठी आहे, की तेथे भले करण्याचा हिशेब चुकतो.

तिसरी मर्यादा भाषेची, आणि ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेली राजी आपल्या लहान भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला एकटीच निघते. ओस पडलेल्या गढ्या-महालांतून ती चालत असता दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याविषयी आपसांत बोलतात. दुर्गेला तिचा भरवसा वाटतो, विष्णू तिरकस प्रश्न विचारतो. भिंतीवरच्या चित्रांपुढे ती थांबली की त्या चित्रांतील पुराणकथा ते सांगतात. किल्ल्यावर गेलेल्या पोराला वाटाड्याने गोष्ट सांगावी, तशी ही रीत आहे. आपल्या मातीतला खेळ जगभर गेला, याचा मला अभिमान वाटला. परंतु तो प्रकाशित झाला, तेव्हा त्या दोन देवांचे ते बोलणे इंग्रजीत होते. व्यापाराची गरज मला समजते. तरीही पुण्यात घडलेल्या खेळात दुर्गेने मराठीत बोलावे, ही इच्छा मनात उरतेच.

आपल्या शाळेने काय करावे

येथे मला या सीमाभागाचे एक बलस्थान दिसते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. राज्ये बदलली, पण बाजारातले बोलणे बहुभाषीच राहिले. मठाजवळचा हारवाला शेजाऱ्याशी कानडीत बोलतो, सोलापूरच्या यात्रेकरूशी मराठीत आणि रिक्षावाल्याशी दखनीत. समोर कोण आहे, तो कोठून आला, त्याला काय हवे, हे पाहून तो क्षणात भाषा, संबोधन आणि सूर निवडतो. 'हेडीस'च्या कर्त्यांनी वीस हजार वाक्ये जुळवून जे साधले, ते हा हारवाला रोज सकाळी सहज साधतो. पात्रसंवाद लिहिण्याचे शिक्षण येथील मुलांना रस्त्यावरच मिळालेले आहे. त्यांना कोणीतरी सांगायला हवे, की ही त्यांची उणीव नसून विद्या आहे.

ज्यांच्या नावे ही व्याख्यानमाला आहे, ते गुरुजी गोष्ट सांगताना ऐन संकटाच्या जागी थांबत आणि एखाद्या मुलाला विचारीत, की येथे तू असतास तर काय बोलला असतास. मुलाने उत्तर दिले की गोष्ट त्या उत्तराच्या दिशेने थोडी वळवीत. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थ्यांनी हे मला स्वतः सांगितले. संगणक येण्यापूर्वी या शाळेत असा खेळ खेळला जात होता.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. २००९ पासून 'ट्वाइन' नावाचे एक साधन विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात नुसत्या मजकुराने, वाटा फुटणारी गोष्ट रचता येते आणि मजकूर देवनागरीत लिहिता येतो. चित्रे लागत नाहीत, महागडे यंत्र लागत नाही. आठवी-नववीच्या मुलांनी नरसिंह झऱ्यातील एक प्रवास त्यात रचावा. आत भेटणारी पाच माणसे कल्पावीत. कोण कोणत्या भाषेत बोलते, कोण खरे सांगते, कोण घाबरून चुकीचे सांगते, हे मुलांनीच ठरवावे. कानडी बोलणाऱ्या मुलाने कानडी पात्र लिहावे आणि शेजारच्याने त्याला मराठीत उत्तर द्यावे. माजी विद्यार्थ्यांनी त्यांना आठवड्यातून एक तास द्यावा. पाहुणा म्हणून मला बोलावल्यास मी तो खेळ खेळून पाहीन. आणि मरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले तरी तक्रार करणार नाही.

पालकांना एवढेच सांगतो. मूल अशा खेळात गुंतलेले दिसले, तर वेळेची मर्यादा अवश्य घाला. पण एकदा त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, हा कोण आहे, तो असे का बोलला, तू त्याला काय उत्तर दिलेस. मुलाच्या हातातले काढून घेणे सोपे असते, ते मी केलेले आहे. त्या कपाटातील पुस्तक मी आज बरोबर आणले आहे. त्याच्या मालकाला ते आता देता येणार नाही, म्हणून या शाळेच्या ग्रंथालयात ते ठेवावे, अशी मुख्याध्यापकांना विनंती करतो. कोणी विद्यार्थी तासाला बाकाखाली धरून ते वाचताना आढळला, तर त्याला आधी विचारावे, गोष्ट कोठपर्यंत आली आहे.